काटा सत्तरवर होता, आबा

आबा, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेसाठी नानाकाका माझ्याकडे दोन शब्द मागतायत. "तू शिकलेली, तुझ्या बापाचं तूच लिही," म्हणाले. बसले लिहायला. कष्टाळू, निर्व्यसनी, सर्वांना हवेहवेसे. एवढं लिहून झालं आणि माझा मलाच राग आला. निर्व्यसनी म्हणे! तंबाखूची पुडी गाडीच्या सीटखाली शेवटपर्यंत होती, अजून आहे. फाडला तो कागद आणि नानांना सांगितलं, तुम्हीच लिहा काय ते. मला जे सांगायचंय ते पत्रिकेत बसणारं नाही, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

तर ऐका. गिअरबॉक्सचा काटा खोटा होता. तुमचा हात बरोबर होता.

हे मला कळलं परवा. तुम्हाला पोचवून आल्याला अकरा दिवस झाले होते. तुम्ही असतात तर आधी मिशीतल्या मिशीत हसला असतात, मग "बघ, सुजे" म्हणून वस्तीभर सांगत सुटला असतात. मला चाललं असतं हो. वर्षभर चिडवलं असतंत तरी चाललं असतं.

ती गाडी आणलीत तो दिवस आठवतो? लोणावळ्याच्या शाळेची बस तुम्ही इतकी वर्षं चालवलीत. कुसगाव, वलवण, तुंगार्ली. सकाळी पोरं भरायची, दुपारी उतरवायची. तुम्ही रिटायर झालात त्याच वर्षी शाळेने गाडीही मोडीत काढली. तुम्हाला हार घातला, नारळ दिला, आणि तुम्ही तो हार तसाच गळ्यात ठेवून शाळेकडून ती गाडीच विकत घेऊन आलात. आई दारात उभी. "ह्ये काय आनलं?" म्हणाली. "घर आनलं," तुम्ही म्हणालात. आईने तोंडाला पदर लावला. ती हसतेय की रडतेय, मला कळेना.

घर कशासाठी ते मात्र तिला लगेच कळलं होतं. आईची कंबर लोकांच्या खाचरात भात लावून लावून गेलेली. तासभर बसून प्रवास केला की दोन दिवस अंथरूण. आपल्या विहारातल्या बायका बस करून बोधगयेला गेल्या तेव्हा ही एकटी मागे राहिली. तोंडाने काही बोलली नाही, पण तो आठवडाभर तुम्हाला अळणी कालवण मिळालं. तेव्हाच तुमच्या डोक्यात बसलं होतं ते. "पडून न्यायची हिला," तुम्ही मला म्हणालात. "पलंगावर पडून बोधगया. मधी कुटं दुखाय लागलं तर गाडी थांबवायची, च्या करायचा, परत निघायचं. घाई कुनाला हाय?"

मग आपले रविवार त्या गाडीत गेले. मी वडगावहून सकाळच्या लोकलने कामशेतला उतरायची, तुम्ही मोटारसायकलवर घ्यायला हजर. सीटा काढल्या, प्लायवूडचा पलंग केला, छतावर पाण्याची टाकी चढवली, गॅसच्या शेगडीला पट्ट्या मारून बसवलं. आईने तिच्या विहारातल्या पांढऱ्या साड्यांचे पडदे शिवले. बाहेरून पांढरा रंग दिला, तरी ऊन तिरकं पडलं की शाळेचं नाव खालून दिसायचंच. मागची एक छोटी सीट तुम्ही काढू दिली नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे. येखादं पोरगं चुकून चढलं तर कुटं बसंल?" काय बोलायचं अशा माणसाला?

आणि मग माझं ते काट्यांचं खूळ.

गाडीतला मूळचा इंजिनचा काटा कधीचा मेलेला. तुम्हाला त्याची गरजच नव्हती. पण मी पडले कंपनीतली. दिवसभर माझं कामच ते. भट्टीचा काटा बरोबर दाखवतोय का, वाफेच्या लाइनचा दाखवतोय का, नसेल तर सुधारून द्यायचा. तुम्ही वस्तीत सांगत फिरायचा, "माझी पोरगी काट्यांची डाक्टर हाय." मी म्हटलं, एवढ्या लांब जायचं, छतावर पाणी, आत संसार, वरून ऊन. इंजिनला एक काटा हवा आणि गिअरबॉक्सलाही एक हवा. तेल किती तापलंय ते समोर दिसलं पाहिजे.

"दोन दोन घड्याळं कशाला गं?" तुम्ही म्हणालात. "टाइम तर येकच."

"घड्याळं नाहीत आबा, टेंपरेचरचे काटे आहेत."

"त्ये हितं हाय की," म्हणून तुम्ही हात वर केलात.

तो हात मला माहीत नव्हता की काय? लहानपणी मला ताप आला की आई थर्मामीटर शोधायची, आणि तो सापडेपर्यंत तुम्ही कपाळावर हात ठेवून आकडा सांगून मोकळे. "शंभर हाय. झोपू दे." "येकशे येक. डाक्टरकडं न्यावं लागंल." थर्मामीटर नंतर तेच सांगायचा. एकदा त्याने काहीच दाखवलं नाही. मी तर भाजत होते. आई म्हणाली, ताप नाही. तुम्ही म्हणालात, "थर्मामीटरच आजारी हाय," आणि मला उचलून कामशेतला नेलंत. पारा मध्येच तुटलेला निघाला. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. हे सगळं ठाऊक असलेली मुलगी मी, आणि तरी पुढचं केलं.

काटे मी नीट पारखून घेतले होते, तेवढं मला म्हणू द्या. आईच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि दोन्ही सेन्सर एकेक करून त्यात बुडवले. काटा अठ्ठ्याण्णववर जाऊन थांबला. तुम्ही म्हणालात, "दोन कमी दाखवतोय, परत कर." मी म्हटलं, आपण मावळात उंचावर आहोत, आपल्याकडे पाणी एवढ्यावरच उकळतं. तुम्ही आईला हाक मारलीत, "अगं ऐकलं का, आपला च्या म्हमईपरीस गार असतो!" आणि आई म्हणाली, "मग तिकडंच जाऊन प्या." त्या दिवशी आपण तिघं किती हसलो होतो.

मग बसवायला घेतले. इंजिनच्या सेन्सरला तांब्याची वॉशर होती, तो सरळ बसला. गिअरबॉक्सला भोकच नव्हतं. तेल सोडायच्या बोल्टला लेथवाल्याकडून भोक पाडून आटे करून आणले. मी गाडीखाली झोपलेली, तुम्ही बाजूला उकिडवे बसून बॅटरी धरलेली. "सुजे, गळाय नगं हां. गिअरचं त्याल गळलं की गाडीचा जीव गेला." तुम्ही एवढंच म्हणालात. आणि मी कंपनीच्या सवयीने टेफ्लॉनची पांढरी टेप काढली आणि आट्यांवर सात वेढे दिले. कंपनीत टेपेशिवाय आम्ही एक सेन्सर बसवत नाही, नाहीतर वाफ बाहेर येते. सात वेढे, आबा, कारण तुम्ही म्हणालात गळायला नको. एक थेंब गळला नाही. आजपर्यंत नाही.

त्यानंतरचा तो रविवार माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता. तोही खोटा ठरलाय का, हे मला अजून ठरवता येत नाही. कामशेतहून जुन्या रस्त्याने लोणावळ्याकडे निघालो. आई मागे पलंगावर आडवी, पडदा बाजूला करून डोंगर बघत. वलवणच्या अलीकडे तुम्ही म्हणालात, "झाक तो काटा." मी इंजिनच्या काट्यावर रुमाल टाकला. तुम्ही सीटशेजारच्या बॉनेटवर हात ठेवलात, नाकाने एकदा हुंगलंत आणि म्हणालात, "ब्याऐंशी." रुमाल काढला. ब्याऐंशीच्या अगदी जवळ. पुन्हा झाकला. "आता अठ्ठ्याऐंशी." बरोबर! तुम्ही स्टिअरिंगवर थाप मारून पोरासारखे ओरडलात. आईने मागून विचारलं, "काय झालं?" "मी पास झालो!" म्हणालात तुम्ही. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. तिथूनच परत फिरलो असतो तर बरं झालं असतं.

पण ट्रायल घ्यायची होती. टाकी भरलेली, सामान भरलेलं, म्हणजे खरा भार. घाट उतरून खोपोलीपर्यंत गेलो, चहा घेतला आणि परत चढायला लागलो. शिंगरोबाच्या देवळापाशी तुम्ही नेहमीसारखा एकच हॉर्न दिलात. बाकीचे ड्रायव्हर पैसे टाकायचे, तुम्ही देवाधर्माचे नाही, पण हॉर्न चुकवायचा नाहीत. म्हणायचा, त्या शिंगरोबा धनगरानं घाटाचा रस्ता दावला, रामराम तरी घालावा. त्याच्या पुढच्या वळणावर तुमचा हात गिअरच्या दांड्यावरून खाली गेला, दांड्याच्या बुडाशी पत्रा आहे तिथे.

"सुजे, गिअर तापलाय. बाजूला घेतो."

"काटा बघा ना आबा. सत्तर. कुठे काय तापलंय?"

"हात लाव हितं."

मी हात लावला. गरम होतं, पण घाटात सगळीच गाडी गरम असते. मी म्हटलं, "इंजिनची धग आहे ती."

"इंजिनाची येगळी, गिअरची येगळी. मला कळती."

"नाही आबा. काटा सत्तरवर आहे."

"काटा खोटा हाय तुजा."

हे मला झोंबलं. काट्यांची डॉक्टर ना मी! पातेल्यात बुडवून बघितलेला काटा, आणि हे म्हणतायत खोटा. मग मी ते वाक्य बोलले. तुम्ही विसरला नसणारच, तरी पुन्हा लिहिते, कारण माझी तीच शिक्षा आहे. मी म्हटलं, "आबा, डॉक्टर काय म्हणाले होते? साखरेने हातापायांची जळजळ होते, गार असलं तरी गरम लागतं. ही ती जळजळ आहे. गाडी नाही तापलेली, तुमचा हात बिघडलाय."

हात उचललात, त्याच्याकडे बघितलंत, पँटीला पुसलात. गाडी थांबवली नाहीत. माझं ऐकलंत. आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या बाबतीत तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी ऐकलंत, आणि ते माझं.

खंडाळ्याला वर आल्यावर गाडी बाजूला घेतलीत, खाली उतरलात आणि चावी माझ्या हातात दिलीत. "तू चालव." मी चालवली. कामशेतपर्यंत तुम्ही माझ्या डाव्या बाजूला दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. आईने मागून दोनदा विचारलं, काय झालं, गाडी सुजी का चालवतीय. घरी आल्यावर तुम्ही तिला सांगितलंत, "माजा हात गेला." एवढंच. चहासुद्धा घेतला नाहीत.

आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. हो, बरं वाटलं! म्हटलं, सहासष्ट वर्षांच्या माणसाने, साखर असताना, एवढ्या लांब गाडी हाकायची काही गरज नाही. ड्रायव्हर ठेवू आणि जाऊ. नानांनाही मी हे शहाणपणाने सांगितलं. नाना म्हणाले, पोरगी समजूतदार आहे. डोंबलाची समजूतदार!

ड्रायव्हर ठेवायला तुम्ही तयार झाला नाहीत. गाडी जांभळाखाली उभी राहिली. जांभळं पिकून छतावर पडली, जांभळे डाग पडले, तुम्ही धुतलेसुद्धा नाहीत. तुम्ही, जे शाळेच्या गाडीची काच रोज जुन्या पेपरने पुसायचे! ओट्यावर बसायचा आणि रस्त्याने ट्रक गेला की मान वर व्हायची. मी रविवारी यायची, गप्पा मारायला बघायची. "चला आबा, नुसतं कामशेतपर्यंत तरी चालवा." "नगं. मानसं असत्यात रस्त्यानं," तुम्ही म्हणायचा. मी दोन-तीनदा बोलून पाहिलं आणि सोडून दिलं. मला कामं होती. तुम्हाला सवय होईल असं मी धरून चालले.

तुम्ही गेल्यावर नाना म्हणाले, गाडी पडून सडण्यापेक्षा देऊन टाकू. पवनेकडे तंबू लावून पर्यटकांना ठेवणारे एक जण बघायला आले. त्यांना ती धरणाकाठी खोलीसारखी उभी करायची होती. बरोबर त्यांचा ड्रायव्हर होता, तुमच्याच वयाचा, डोक्याला मफलर. तो गाडी घेऊन कामशेतच्या खिंडीपर्यंत जाऊन आला. मी शेजारी बसले होते. परत आल्यावर त्याने दांड्याच्या बुडाशी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"ताई, गिअरबॉक्स लय तापतोय. हात ठेववना."

आणि मी काय म्हणाले असेन? "काटा बघा, सत्तरवर आहे." तेच शब्द आले तोंडातून, त्याच तोऱ्यात.

त्याने काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आसंल," म्हणाला बिचारा, आणि खाली उतरला. वाद घालायचं त्याला काय पडलं होतं? पण आबा, हा माणूस साखरेचा नव्हता. ह्याचा हात बिघडलेला नव्हता. माझ्या पिशवीत कंपनीतला नेम धरून तापमान बघायचा थर्मामीटर होता. गाडीखाली वाकले, गिअरबॉक्सवर धरला. एकशे अठरा. पुन्हा धरला. एकशे अठरा. वर येऊन काटा बघितला. सत्तर.

त्या माणसांना मी तिथूनच परत पाठवलं. म्हटलं, नाही द्यायची. अंगावर होते तेच पांढरे कपडे, तशीच गाडीखाली शिरले. तेल गार होईपर्यंत उताणी पडून राहिले. मग सेन्सर खोलला. आट्यांवर पांढरी टेप, सात वेढे, जशीच्या तशी. तेव्हा सगळं लक्षात आलं. कंपनीतल्या सेन्सरला दोन वायरी असतात. गाडीच्या सेन्सरला एकच. दुसरी वायर म्हणजे गाडीचं लोखंडी अंगच, आट्यांमधून लोखंडाला लोखंड घट्ट टेकलं पाहिजे. मध्ये टेप आली की अर्धवट टेकतं आणि काटा खाली बसतो. पातेल्यात तपासताना मी दुसरी वायर हाताने जोडून धरली होती, म्हणून तिथे बरोबर दाखवलं. गॅरेजमधल्या कुणालाही हे माहीत असतं. मला दिवसभर काट्यांत राहून सुचलं नाही. टेप खरवडून काढली, तांब्याची वॉशर घालून सेन्सर परत बसवला, तेल भरलं, खिंडीपर्यंत एकटी जाऊन आले. काटा चढत चढत एकशे पंधरावर गेला. मी हात खाली नेला, तुम्ही न्यायचा तिथे. भाजत होतं.

मग मला वाटलं, निदान आईला तरी सांगावं. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, टेपेचं, काट्याचं. ती निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी हात चांगला व्हता त्यांचा?"

"हो आई."

"मला ठावं व्हतं."

"तुला कसं ठाऊक?"

तेव्हा तिने मला ते सांगितलं. घाटातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रोज सकाळी तिला पाण्याचे चार पेले मांडायला लावायचा. एक गार, एक कोमट, एक गरम, एक कढत. डोळे मिटून एकेकावर हात ठेवायचा आणि सांगायचा. आई मध्येच पेले बदलायची, मुद्दाम, फसता का बघायला.

"मग? चुकायचे?"

"येकदा बी न्हाई. मी म्हन्लं, अवो, हात झ्याक हाय तुमचा, काटाच खोटा आसंल. तर माज्यावरच वरडले. म्हन्ले, सुजीनं बसिवलाय काटा. ती चुकायची न्हाई."

असं म्हणून तिने सुपातले खडे अंगणात टाकले. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? "सांगू नगं म्हन्ले. पोरीला वाईट वाटंल." मी म्हटलं, आई, आता जाऊ आपण बोधगयेला, गाडी ठीक करते, मी चालवते. ती म्हणाली, "मला न्हाई जायचं आता कुटं." आणि सूप घेऊन आत गेली. तिचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं.

आता तुम्ही समोर असतात तर मी भांडले असते. खरंच भांडले असते. तीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस, थर्मामीटरला आजारी म्हणणारा माणूस, त्याने पोरीच्या एका वाक्यावर आपला हात टाकून द्यायचा? माझ्यावर ओरडायचं होतं! गाडी थांबवायची होती तिथेच, घाटात, मला खाली उतरवून हात लावायला लावायचा होता. एवढा विश्वास कुणी कुणावर ठेवतं का? मला तुमचा तो विश्वास नकोय, आबा. काय करू मी त्याचं?

तुम्हीच मला शाळेत घातलंत, आयटीआयला पाठवलंत, वस्तीतल्या लोकांनी नावं ठेवली तर शाळेच्या गाडीतून पुढच्या सीटवर बसवून लोणावळ्यापर्यंत सोडत आलात. मी काट्यांची डॉक्टर झाले ती तुमच्यामुळे. त्या डॉक्टरने तुम्हालाच सांगितलं की तुम्ही बिघडलात.

एक राहिलं. हे आईलाही सांगितलेलं नाही.

तळेगावच्या हॉस्पिटलात तुमच्या छातीत कफ भरला होता, चौथा दिवस, दुपार. आई खुर्चीत डुलकी घेत होती. मला दोन दिवस कणकण होती, कंपनीतून तशीच आले होते. उशी सारखी करायला वाकले तेव्हा तुम्ही हात वर केलात आणि माझ्या कपाळावर ठेवलात. किती महिन्यांनी ठेवलात तो हात कशावर तरी, न विचारता.

"ताप हाय का गं तुला?"

मी म्हटलं, "छे. कुठे काय?" सिस्टरला कळलं तर मला बाहेर काढतील, तुम्ही काळजी करत बसाल, म्हणून.

"न्हाई?"

"नाही हो आबा. काही नाही मला."

तुम्ही हात समोर धरून बघितलात. अगदी घाटात बघितला होतात तसाच. मग "बरं" म्हणालात आणि तो चादरीखाली घेतलात. पुन्हा बाहेर काढला नाहीत.

संध्याकाळी मी खाली मेडिकलमधून थर्मामीटर घेतला आणि तिथेच पायरीवर बसून लावला.

होता, आबा. ताप होता मला. एकशे एक होता.